लाल गोळीची गोष्ट: रक्त भरलं, मनाचं काय?

 

आमच्या गटाच्या बैठकीत आधी बचतीचे पैसे मोजले जातात, मग कर्जाचे हप्ते, मग वही मिटते. वही मिटली की खरं बोलणं सुरू होतं. कुणी म्हणते, हातापायांना मुंग्या येतात. कुणाला विसर पडतो, चुलीवर भात ठेवला हेच लक्षात राहत नाही. कुणाचा जीव कशातच लागत नाही, उगाच रडू येतं, नाही तर पोरांवर ओरडणं होतं. मग सल्ले येतात. एक म्हणते ताकदीची बाटली आण, दुसरी म्हणते बी-कॉम्प्लेक्स घे, तिसरी म्हणते माझ्याकडे आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्या पडून आहेत, त्याच घेऊन बघ. घरचे म्हणतात नाटकं करते. कुणाला भगताकडेही नेतात.

आज आपण त्या लाल गोळीचा इतिहास बघणार आहोत. लोह आणि फॉलिक ॲसिडची ही गोळी आपल्या सगळ्यांच्या घरात आलेली आहे. तिच्यातल्या फॉलिक ॲसिडचा शोध सुरू झाला तो आपल्या जवळच, मुंबईत, गरीब बायकांच्या बाळंतपणातून. आणि या इतिहासात अशी एक गोष्ट आहे जी गोळीच्या पाकिटावर लिहिलेली नसते. रक्त सुधारलं म्हणजे मन आणि मज्जातंतू सुधारलेच, असं होत नाही.

परळ, १९२८

१९२८ साली डॉ. लुसी विल्स नावाच्या इंग्रज बाई मुंबईला आल्या. त्यांचा जन्म १८८८ चा. मुली डॉक्टर होणं तिकडेही सोपं नव्हतं. लंडनमध्ये बायकांसाठी वेगळं वैद्यकीय महाविद्यालय होतं, तिथे शिकून १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंचा शोध घेण्याचं काम सुरू होतं. त्यामागे डॉ. मार्गारेट बाल्फोर या दुसऱ्या बाई होत्या, त्यांनी भारतात बायकांच्या दवाखान्यांसाठी अनेक वर्षं काम केलेलं होतं. आपल्याकडचे डॉ. तळपदे आणि डॉ. मेहता हेही या कामात होते.

परळ म्हणजे त्या काळचं गिरणगाव. कोकणातून, घाटावरून आलेली माणसं चाळीत दाटीवाटीने राहायची. बायकाही गिरणीत कामाला जायच्या. मुंबईच्या नळाला जे पाणी यायचं त्यातलं बरंचसं तानसा तलावाचं, १८९२ साली बांधून झालेल्या धरणाचं. तीच तानसा नदी धरणाखाली आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीवरून वाहते. तेव्हा त्या बायका आपल्याला फार लांबच्या नाहीत.

या बायकांना गरोदरपणात एक भयंकर रक्तक्षय व्हायचा. अंग पांढरंफटक पडायचं, धाप लागायची, सूज यायची, आणि कित्येक बायका बाळंतपणाच्या आसपास दगावायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर रक्तातल्या पेशी कमी, पण आकाराने मोठ्या दिसायच्या. नुसत्या लोहाने हा आजार हटत नव्हता.

विल्सबाईंनी आधी औषध शोधलं नाही. त्यांनी बायकांच्या घरी काय शिजतं ते विचारलं. कोणत्या वस्तीतल्या बायका काय खातात, कोणाला आजार जास्त होतो, याची पाहणी केली. सगळ्यांत जास्त आजार होता गरीब मुस्लिम घरांतल्या बायकांमध्ये, आणि सगळ्यांत तोकडं जेवणही त्यांचंच होतं. म्हणजे हे जातीचं किंवा धर्माचं दुखणं नव्हतं, ताटाचं होतं.

मग त्यांनी तसंच जेवण आधी उंदरांना आणि पुढे माकडांना देऊन बघितलं. माकडंही तशीच आजारी पडली. त्यातल्या एका फार खंगलेल्या माकडाला मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून केलेलं काळपट, खारट चाटण. माकड सुधारलं. मग तेच स्वस्त चाटण आजारी बायकांना दिलं. काही दिवसांतच भूक परतायची, अंगात हुशारी यायची, रक्तात नव्या पेशी दिसायला लागायच्या. १९३१ मध्ये विल्सबाईंनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं.

त्या चाटणात नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पुढे बरीच वर्षं लोक त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत राहिले.

पानातलं औषध

१९४१ मध्ये अमेरिकेत तीन शास्त्रज्ञांनी चार टन पालक घेऊन त्यातून एक पदार्थ चिमूटभर वेगळा काढला. लॅटिन भाषेत पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. विल्सबाईंच्या चाटणात होतं ते याच कुळातलं. म्हणजे आपल्या आज्या ज्या टाकळा, भारंगी, कुर्डूच्या भाज्या पहिल्या पावसात रानातून आणायच्या, त्या हिरव्या पानांच्या जातीतलंच हे सत्त्व.

१९४५ मध्ये ते कारखान्यात बनवता येऊ लागलं. हे काम ज्या गटाने केलं त्याचे प्रमुख होते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमला १८९५ मध्ये जन्मलेले आपले भारतीय. आता चार टन पालकाची गरज उरली नाही. छोटीशी गोळी झाली, स्वस्त झाली. मुंबईच्या चाळीतल्या बायकांच्या दुखण्यातून निघालेला शोध जगभर पोहोचला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढे जे झालं तेच आपल्याला नीट ऐकायचं आहे.

रक्त वाढलं, माणूस ढासळला

मोठ्या पेशींचा रक्तक्षय आणखी एका आजारात होतो. युरोप-अमेरिकेत तो वयस्कर माणसांत बराच दिसायचा. त्यावर १९२६ पासून कलेजी खायला घालण्याचा उपाय होता. रोज कच्ची किंवा अर्धकच्ची कलेजी खाणं म्हणजे काय शिक्षा असेल, विचार करा. फॉलिक ॲसिडची गोळी आल्यावर डॉक्टरांना वाटलं, सुटलो. त्यांनी या रुग्णांना गोळी दिली. रक्त भराभर वाढलं. कागदावरचे आकडे छान आले.

पण काही महिन्यांत त्यांतल्या काहींचे हातपाय बधिर व्हायला लागले. चालताना तोल जायला लागला. काहींचा विसराळूपणा वाढला, डोक्यात गोंधळ व्हायला लागला. रक्त चांगलं आणि माणूस मात्र ढासळत चाललेला.

कारण १९४८ मध्ये कळलं. त्या वर्षी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या गटांनी कलेजीतून एक लालसर जीवनसत्त्व वेगळं काढलं. तेच बी-१२. या रुग्णांना खरी कमी होती ती बी-१२ ची. रक्त तयार करायला फॉलिक आणि बी-१२ दोन्ही लागतात. फॉलिक भरपूर दिलं की बी-१२ नसतानाही रक्ताचं काम काही काळ भागतं. पण बी-१२ चं आणखी एक काम आहे, ते फॉलिक करू शकत नाही. विजेच्या तारेवर जसं रबराचं आवरण असतं तसं आपल्या मज्जातंतूंवर आवरण असतं. ते आवरण सांभाळायला बी-१२ लागतं. गोळीने रक्ताचं दुखणं झाकलं गेलं, आणि आत तारा उघड्या पडत गेल्या.

पुढे डॉक्टर मनाच्या लक्षणांकडे जास्त बारकाईने बघू लागले. १९८८ मध्ये अमेरिकेत १४१ रुग्णांची नोंद छापली गेली. या सगळ्यांना बी-१२ च्या कमीमुळे मज्जातंतूंचा किंवा मनाचा त्रास होता. त्यांतल्या ४० जणांच्या रक्तात रक्तक्षयाची किंवा मोठ्या पेशींची खूणच नव्हती. म्हणजे शंभरात अठ्ठावीस. हिमोग्लोबिन बघून “तुला काही झालेलं नाही” असं म्हटलं असतं तर ही माणसं तशीच घरी परतली असती.

स्वतःवर केलेला प्रयोग

फॉलिकची कमी झाली तरी मनावर परिणाम होतो, हे एका डॉक्टरने स्वतःच्या अंगावर दाखवलं. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात १९६१ च्या सुमारास डॉ. व्हिक्टर हर्बर्ट यांनी साडेचार महिने फॉलिक नसलेलं अन्न खाल्लं. ते अन्न मिळवायचं कसं? सोपं होतं. प्रत्येक पदार्थ तीन वेळा पाण्यात उकळायचा आणि दर वेळी पाणी फेकून द्यायचं. फॉलिक पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नष्ट होतं.

पहिले काही महिने बाहेरून फारसं काही दिसलं नाही. चौथ्या महिन्यात त्यांची झोप उडाली. विसर पडायला लागला. चिडचिड वाढली. रक्तक्षय उघड दिसला तो त्यानंतर. मग त्यांनी फॉलिक ॲसिड घेतलं आणि दोन दिवसांत मनाची लक्षणं गेली.

मैत्रिणींनो, हे ऐकून आम्हाला आपल्याच चुली आठवल्या. पालेभाजी उकडून पाणी पिळून टाकायची सवय कितीतरी घरांत आहे. त्या डॉक्टरने हे मुद्दाम, मोजूनमापून, देखरेखीखाली केलं. आपल्याकडे ते नकळत, वर्षानुवर्षं होतं. आणि झोप न लागणं, विसरणं, चिडणं याला आपण स्वभाव म्हणतो.

वेल्लोरची बाळं, पुण्याच्या आया

आता भारतात परत येऊ. १९६२ मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या डॉक्टरांनी अंगावर पिणाऱ्या काही बाळांबद्दल लिहिलं. ही बाळं आधी नीट वाढत होती. मग ती मलूल झाली, हसेनाशी झाली, शिकलेल्या हालचाली विसरली. त्वचा काळवंडली, काहींचे हातपाय थरथरायचे. त्यांच्या आयांमध्ये बी-१२ कमी होतं, म्हणून दुधातही कमी होतं. बाळांना बी-१२ दिल्यावर ती सुधारली. आपल्याकडे अशा बाळाला दृष्ट लागली म्हणतात, आणि दिवस निघून जातात.

पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातून १९९३ मध्ये मोठं काम सुरू केलं. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या सुमारे ८०० गरोदर बायकांची नोंद ठेवली, त्यांच्या मुलांना पुढे अनेक वर्षं तपासलं. या बायका आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या, भाकरी-भाजी-डाळ खाणाऱ्या. त्यांच्या रक्ताची तपासणी झाली तेव्हा दोन तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी निघालं. आणि फॉलिक कमी असलेली बाई? फक्त एक.

१९२८ ची मुंबई आणि १९९३ ची पुण्याची खेडी शेजारी ठेवून बघा. तिकडे फॉलिक नव्हतं म्हणून बायका मरत होत्या. इकडे फॉलिक पुरेसं आहे, पण दुसरंच सत्त्व कमी आहे, आणि ते कुणी विचारत नव्हतं.

या आयांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आयांमध्ये फॉलिक जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणं जास्त होती. मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांतल्या काहींच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. ज्यांच्या आयांमध्ये बी-१२ फार कमी होतं, ती मुलं लक्ष टिकवण्यात आणि ऐकलेलं थोडा वेळ लक्षात ठेवण्यात मागे पडली. बाकीच्या चाचण्यांत फरक नव्हता. ती मुलं ‘मठ्ठ’ नव्हती. पण वर्गात बसून लक्ष देण्याचा पाया आईच्या पोटातच थोडा कच्चा राहिला होता.

बायकांचंच नाही, पुरुषांचंही तेच. याज्ञिकांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या ४४१ पुरुषांची तपासणी केली, ती २००६ मध्ये छापली. तिथेही सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी होतं.

मग लाल गोळी घ्यायची की नाही?

घ्यायची. हे आम्ही ठासून सांगतो. १९७० मध्ये सरकारने ही गोळी देशभर सुरू केली. आजच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात, जो २०१८ मध्ये आला, गरोदर बाईला रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस गोळी दिली जाते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती आई आणि बाळ दोघांना जपते. तांदळाच्या डब्यात ठेवलेली गोळी कुणालाच जपत नाही. चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

पण या गोळीत बी-१२ नाही, हेही माहीत असू द्या. आणि बी-१२ पालेभाजीत नाही, डाळीत नाही, नाचणीत नाही. ते दूध-दह्यात, अंड्यात, मासळीत, मटणात आणि कलेजीत असतं. ज्यांना चालतं त्यांनी अंबाडी नाक्याच्या बाजारातलं सुकट, जवळा, बोंबील कमी समजू नये. उपास, श्रावण, माळ घातलेली असेल तर दूध-दही ताटात यायला हवं, आणि ते फक्त पोरांच्या आणि घरधन्याच्या ताटात नको. आपल्या घरात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला रिकामं भांडं येतं. बी-१२ ची कमी तिथूनच सुरू होते.

ज्या बायका दूध, अंडं, मासळी काहीच खात नाहीत, ज्या मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात, ज्या वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खातात, ज्यांचं वय झालेलं आहे, त्यांनी मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, विसर, न संपणारी उदासी यांतलं काही जाणवलं तर डॉक्टरांना सरळ विचारावं: “माझं बी-१२ बघायचं का?” फक्त हिमोग्लोबिन बरं आहे म्हणून गप्प बसू नये.

आणि स्वतःवर प्रयोग करू नयेत. जास्त घेतलं की जास्त ताकद, हा हिशोब जीवनसत्त्वांना लागू नाही. बी-६ हे मज्जातंतूंसाठी चांगलं म्हणून विकलं जातं. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सात माणसांची माहिती छापली. ती रोज दोन ते सहा ग्रॅम बी-६ घेत होती, आणि त्यामुळेच त्यांचे हातपाय बधिर झाले, चालणं बिघडलं. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा लिहून दिलेली असते. ती रोज घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, आणि माणूस गोंधळून जातो, भलतंसलतं बोलायला लागतो. मुंग्या येतात म्हणून दुकानातून फॉलिकच्या मोठ्या गोळ्या आणून खाल्ल्या तर काय होऊ शकतं, ते आपण आत्ताच ऐकलं.

एक गोष्ट उलट बाजूनेही. मनाचं प्रत्येक दुखणं जीवनसत्त्वाचं नसतं. कर्ज असतं, नवऱ्याची दारू असते, घरात मार असतो, मूल गेलेलं असतं. त्यावर गोळी हा उपाय नाही. अशा वेळी बोलायला माणूस लागतं. सरकारची टेली-मानस ही सेवा आहे, १४४१६ या नंबरवर फोन लावला तर कुणी तरी ऐकून घेतं, पैसे पडत नाहीत. दवाखान्यात तपासणी करा आणि बोलाही. त्यातलं एक केलं म्हणून दुसरं सोडायचं नाही. भगताकडे जाणाऱ्या बाईलाही हिणवू नका, तिच्याबरोबर दवाखान्यात जा.

लुसी विल्स १९६४ मध्ये वारल्या. त्यांचं नाव पुस्तकांत आहे. पण ज्या बायकांनी आपलं रक्त तपासायला दिलं, घरात काय शिजतं ते सांगितलं, ते खारट चाटण चाटलं, त्या परळच्या बायकांची नावं कुणाला माहीत नाहीत. तसंच पुण्याजवळच्या त्या सहा गावांतल्या बायकांचं. आपण आज जे जाणतो ते त्यांनी सांगितलं म्हणून.

तेव्हा आपणही सांगायला शिकू या. आमच्या गटाने ठरवलं आहे की आरोग्य तपासणीच्या दिवशी वहीत हिमोग्लोबिनच्या आकड्यापुढे तीन प्रश्न लिहायचे: झोप कशी लागते? विसर पडतो का? हातापायांना मुंग्या येतात का? उत्तर ‘हो’ असेल तर आशाताईंना आणि सिस्टरना त्याच दिवशी सांगायचं. तुमच्याही गटाच्या वहीत या तीन ओळींना जागा करा.